उलटे आटे

लर्विकच्या चर्चमागचा हॉल,
माझं टेबल रेडिएटरला चिकटून.
ॲबर्डीनच्या बोटीनं रात्रभर घुसळलेलं पोट
अजून जमिनीवर आलेलं नाही,
आणि रांगेत पहिलीच ओस्ला हॅलक्रो,
ऐंशी पार केलेली, हातात बिस्किटांचा डबा,
झाकणावरचं मांजर शेपटीपुरतं उरलेलं.

"वडिलांचं आहे," ती म्हणते. "काय येईल ते सांग."
सगळे असंच विचारतात, काय येईल.
कोण गेलं ते मागाहून निघतं, तळातून.

आधी पदकं. मी कडा बघतो.
पहिल्या युद्धातली असती तर
कडेवर नंबर, नाव, पलटण,
माणूस नखाला लागला असता.
दुसऱ्यात सरकारनं नावं कोरणं सोडलं.
हे तीन तारे कोऱ्या कडेचे,
पोस्टानं आलेले, कुणाचेही.
"तिन्हींचे मिळून साठ पौंड," मी म्हणतो.
"आणि घासू नका. तो काळेपणा हाच दाखला."
"घासायला वेळ कुणाला होता?"

मग पगारपुस्तक, ओल लागून फुगलेलं:
लॉवरी हॅलक्रो, गोदाम-कारकून, सलम व्हो.
"पणजोबा विमानात होते," मागून नातू.
"विमानवाल्यांच्या चड्ड्या मोजायचे," ओस्ला म्हणते.

तळाशी सुटी बटणं.
एकात निळ्या लोकरीचा दोरा अडकलेला.
"ते राहू दे, ते माझ्या शाळेच्या कोटाचं.
गळ्याचं तुटलं तेव्हा आईनं
याच डब्यातलं लावलं होतं."

पितळी, वर मुकुट आणि पक्षी.
तळहाताला जरासं जास्त जड.
कडेला केसाएवढी फट.
मी नेहमीसारखं फिरवलं असतं
तर ते आणखी घट्ट बसलं असतं,
आटे मुद्दाम उलटे पाडलेले:
पकडणाऱ्याच्या बोटांना फसवण्यासाठी.
मी घड्याळाच्या दिशेनं फिरवतो.
सुटतं.

आत मसुराएवढी सुई,
उत्तरेच्या टोकाला दोन ठिपके.
थरथरते, आणि झेपावते थेट
रेडिएटरकडे.

मी उठून खिडकीशी जातो, ओस्ला मागोमाग.
तिथं ती सुई जरा विचार करते
मग बंदरापलीकडे, उघड्या समुद्राकडे
बोट दाखवून गप्प होते.

ओस्लाही गप्प.
"मी नऊ वर्षांची," ती म्हणते मग,
"मेंढी शोधायला डोंगरावर गेले आणि धुकं उतरलं.
रात्रभर पीटच्या खड्ड्यात बसून होते,
घर कुठल्या अंगाला तेही कळेना.
पहाटे वडिलांना सापडले.
कंदील खाली ठेवून त्यांनी माझी कॉलर धरली,
हे बटण मुठीत घेऊन बसले,
हसत होते की रडत, मला कळलं नाही.
मला वाटलं, थंडीनं."

हॉलमध्ये कुणीतरी चहाचे कप मांडतंय.
सांगितलं असतं त्यांनी,
तर कुठून आणलं तेही सांगावं लागलं असतं.

"दीडशे," मी म्हणतो. "दोनशेही येतील.
हा दोरा काढू नका."
ती ऐकत नाही. "बंद कसं करतात?"
"आपण एरवी उघडतो, तसं फिरवा."
तिची बोटं वाकडी झालेली, संधिवातानं,
पहिल्या खेपेला चुकते,
दुसऱ्या खेपेला बसतं.

तारे ती टेबलावरच ठेवते,
नातवाच्या बुटांसाठी.
बटण कोटाच्या आतल्या खिशात.
माझ्या फॉर्मवर एक रकाना असतो, वस्तू कुठून आली.
पेन थांबलेलं बघून ती वाकते:
"लिही की.
गोदामात एक कमी."