पाच नंबर

गुलशेर तडवीला मी समोरून फारसा पाहिलेला नाही.
मी गोलकीपर. अकरा वर्षं रेल्वेच्या मैदानावर
त्याच्या मागे उभा होतो.
तोंड दिसायचं इतरांना. मला पाठ:
पाचाचा आकडा, डाव्या खांद्याशी उसवलेली शिवण,
आणि कॉर्नरच्या आधी मानेवरून उतरणारा घामाचा ओघळ,
तो जर्सीत शिरला की मी समजायचो,
आता हा उडणार.

यावलकडच्या पाड्यावरून आला तेव्हा अनवाणी.
साहेबांनी बूट दिले,
महिनाभर ते बाकावर ठेवून खेळला,
झिजतील म्हणून.
मे महिन्यात भुसावळची काळी माती अशी तडकते
की भेगेत मनगटापर्यंत हात जावा.
तिच्यावर घसरून चेंडू काढणारा मी एकच पाहिला.
संध्याकाळी नळाखाली मांडी धरायचा,
पाणी लाल होऊन गटारीकडे जायचं,
आणि हा विचारायचा, "फेगडे, शेवभाजी खायाची का?"

देशासाठी सतरा सामने.
परदेशातून मला एकच पत्र आलं,
त्यात एकच ओळ: येथे सगळीकडे गवत आहे.
खाली पूर्ण नावाची सही,
पगारपत्रकावर करतात तशी.

स्ट्रायकरचा हिशेब सोपा, बोटं मोजली की झालं.
याने जे केलं ते सगळं न झालेलं.
न झालेला गोल कुठल्या रकान्यात लिहायचा?
झालेला एकच आहे त्याच्या नावावर,
आपल्याच जाळ्यात,
सेमीफायनलला, भिजलेल्या मैदानावर.
मागे त्या दिवशी दुसरा कीपर होता,
उंच, शहरातला. ओरडला नाही.
गुलशेर त्याला कधी काही बोलला नाही.
मला मात्र वर्षभराने, डबा खाताना,
भाकरीकडे बघत म्हणाला,
"मांगून आवाजच नाही आला रे."

मग गुडघा गेला. टीसी झाला.
फलाटाच्या दारात उभा राहिला
की बिनतिकिटाचे आपोआप कडेला सरकायचे, माल धक्क्याच्या बाजूला,
जिथे दुसरा टीसी बसलेला असे.
धरला कुणालाच नाही.
"माणूस अडवायचा नसतो," म्हणायचा, "वाट अडवायची."

आता सामने आठवत नाहीत त्याला.
जळगावचा डॉक्टर डोक्याचा फोटो उजेडाला धरून म्हणाला,
डोक्याने फार चेंडू मारले असतील यांनी.
फार म्हणजे?
ते कातड्याचे चेंडू, पाणी प्यायलेले,
विहिरीतून काढलेल्या मोटेसारखे जड.
त्यातले निम्मे तर माझे होते.
मी हात वर करायला उशीर केला
म्हणून त्याने घेतलेले.
हे मी डॉक्टरला सांगितलं नाही.

नजमाबी म्हणते, "फिरवून आणा त्यांना.
हात नका धरू, चिडतात. नुसते मागे राहा."
त्यात नवीन काय आहे?
मी मागे राहतो.

परवा हायवेला तो चालता चालता थेट रस्त्यात उतरला.
सावद्याकडून केळीचा ट्रक, भरलेला, हॉर्नवर हॉर्न.
मला धावता येत नाही, कमरेत पट्टा आहे.
छातीत होता नव्हता तेवढा वारा गोळा करून ओरडलो,
"सोड! माझा!"

त्याने वळून पाहिलं नाही.
पाहायचाच नाही तो कधी.
एक पाऊल मागे आला, गुडघ्यात वाकला,
दोन्ही हात पसरून असा उभा राहिला
की कडेची दोन पोरं आणि एक सायकलवालाही
त्याच्या पाठीमागे थांबले.
ट्रक गेला. केळीचं एक वाळलं पान
बराच वेळ रस्त्यावर घसटत राहिलं.

मग वळला. समोरून तोंड दिसलं,
दाढी पांढरी, डोळे माझ्या हातांवर.
"घेतला?" त्याने विचारलं.
माझे हात पोटाशी होते, एकावर एक, कधी आले कोण जाणे.
"घेतला," मी म्हणालो.
तेव्हा कुठे तो सरळ झाला
आणि हाताने खूण केली,
लांब मार म्हणून.