प्रश्न क्रमांक चौदा

गेल्या तीस दिवसांत कोणकोणत्या गोळ्या घेतल्या?
हा चौदावा प्रश्न विचारत
मी वर्षभर पुण्यात फिरले,
स्कूटीच्या डिकीत फॉर्मांचा गठ्ठा.

धनकवडीत भिलारेकाकूंनी
बिस्किटांचा पत्र्याचा डबा सतरंजीवर उपडा केला.
काकांच्या मेंदूत रक्तस्राव झाला त्या मंगळवारपासून
त्या एकेक रिकामी पट्टी उजेडात धरून बघतायत.
पित्ताची, गुडघ्याची, मन थाऱ्यावर राहावं म्हणून दिलेली,
भाच्याच्या साखरपुड्यात कुणीतरी दिलेली अर्धी.
"हिच्यामुळेच ना हो?"
मी मान खाली घालून लिहिलं: होय.
फॉर्मवर. त्यांना वाटलं, त्यांनाच म्हणाले.

तुलनेसाठी तेवढ्याच वयाचे, धडधाकट,
रास्ता पेठेतले चंद्रसेन ओव्हाळ.
कॅरमवरची नजर न काढता म्हणाले,
"गोळ्या? छे! आपल्याला कसल्या गोळ्या."
फ्रिजच्या मुठीला मेडिकलची पिशवी लोंबत होती.
सांगतील तेच लिहायचं, असा नियम.
मी फुली मारली.

काकांना ती मनाची गोळी सुरू झाली
कारखाना बंद पडल्यावर.
झोप नाही, रक्तदाब चढलेला, तंबाखू दुप्पट.
यातलं काही लिहायला चौकट नव्हती.
साखरपुड्यात दुखलं ते डोकं साधं होतं,
की आत रक्त झिरपायला लागलंच होतं?
आग दिसली म्हणून बादली घेऊन धावलेल्याला
पंचनाम्यात पहिला धरतात, तसं त्या अर्धीचं झालं.

आणि दांडेकर पुलापाशी रिक्षातच गेली ती बाई,
तिच्या पर्समध्ये काय होतं?
वॉर्डापर्यंत न पोचलेल्यांसाठी आमच्याकडे फॉर्मच नाही.

मग एरंडवण्यातल्या एसी खोलीत आकडा निघाला.
धोका दीडपट.
"संबंध आढळला" असं जपून लिहिलेलं वाक्य
पेपरात पोचेस्तोवर
"गोळीने मेंदूत रक्तस्राव" झालं होतं.

काकूंचा फोन आला सकाळी सातला.
"तुम्ही खरं बोलला होतात बाई.
मीही तीच घेत होते ना, दोन वर्षं.
कालपासून बंद केली."

मी म्हटलं, काकू, आधी डॉक्टरांना विचारा,
अशी एकदम सोडू नका,
तो आकडा... त्यात तुमचा डबा आहे, काकू,
आणि ओव्हाळांची पिशवी नाही.

"कोण ओव्हाळ?" त्या म्हणाल्या.
मग कुकरची शिट्टी झाली,
आणि त्यांनी फोन ठेवला.