चल म्हटल्यावर

रास अल खैमाच्या तुरुंगात, तिसऱ्या बराकीमागं,
कपडे वाळवायच्या पत्र्याखाली
आम्ही आठ जण आठ पिल्लं वाढवतो.
माझ्या पिल्लाचं नाव रीम.
रीम म्हणजे हरिणी, शाजीनं सांगितलं.
हरिणीचं तिच्यात काही नाही. चपला खाते.

आमच्या जतकडं कुत्र्याला कुणी शिकवत नाही.
गळ्यात खिळ्यांचा पट्टा अडकवून
मेंढरांमागं सोडतात,
बाकीचं लांडगा शिकवतो.
इथं वही आहे.
किती वेळा बसली, कुठं शी केली,
अजानचा भोंगा वाजल्यावर दचकली का,
लिफ्टला घाबरली का.
तुरुंगात लिफ्ट नाही.
मी रोज लिहितो : नाही.

खमीस हवालदार पहिले काही महिने
कंदुरा सावरून लांबून जायचा.
नमाजाची वेळ, लाळ लागली तर पुन्हा सगळं धुणं आलं.
मीही दोरी आखूड धरायचो.
मग ऑगस्टात तिचे पंजे भाजले,
तीन पायांवर नाचत पत्र्याखाली आली,
आणि दुसऱ्या दिवसापासून
भिंतीच्या सावलीत एक भरलेली बादली दिसू लागली.
मी विचारलं नाही.
तोही अजून लांबूनच जातो.

रविवारी मारवा बाई येतात.
अंगणात फक्कीनं रस्ता आखतात, लाकडाची फूटपाथ मांडतात,
आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात.
शेवटचा धडा अवघड, त्या म्हणाल्या.
आंधळा माणूस म्हणेल, यल्ला.
समोरून गाडी येत असेल.
तिनं जायचं नाही.
तो ओढेल, ओरडेल, तरी नाही.
त्याच्या गुडघ्यांना आडवं लागून उभं राहायचं.

गुल जमीन दाढीतल्या दाढीत हसला.
हुकूम मोडायला शिकवायचं,
आणि यांना शाळा सापडली ती ही.

माझी पाळी आली.
पट्टीला दुसऱ्याच्या घामाचा वास होता.
पलीकडून शाजी धोबीखान्याची ढकलगाडी आणत होता,
एक चाक करकरत होतं.
यल्ला म्हणायचं होतं, तोंडातून निघालं : चल.
तिला दोन्ही कळतं,
रात्री तिच्याशी मी आमचंच बोलतो.

चल, मुकादम म्हणाला होता.
रात्रीचे अडीच, खडीची अकरावी खेप,
डोळे आपोआप मिटत होते.
मी सांगितलं त्याला, पण हळू सांगितलं,
ऐकू जाणार नाही इतकं हळू, आता वाटतं.
चल, तो म्हणाला. मी गिअर टाकला.
सायकलवर नोआखालीचा माणूस होता.
अब्दुल मोतालेब. कोर्टात वाचून दाखवलं तेव्हा नाव कळलं.
त्याच्या जिवाची रक्कम मला पाढ्यासारखी पाठ आहे,
उलटी म्हटली तरी तेवढीच भरते.

पहिले तीन दिवस ती माझ्यासोबत निघाली
आणि गाडी माझ्या नडगीवर आदळली.
चौथ्या दिवशी हलली नाही.
चल म्हणालो.
मांडीला तिची बरगडी लागली, गरम, धापा टाकणारी.
मी ओढलं. खरंच ओढलं,
धडा विसरून, चिडून,
माझं न ऐकणारी तू कोण म्हणून.
करकरणारं चाक समोरून निघून गेलं.
तरी ती उभीच.

पट्टी काढायला मी जरा वेळ लावला.
वहीत या रकान्याला जागा एवढीशी होती.
लिहिलं : थांबली.

मागच्या महिन्यात तिला नेलं.
कुणाकडं, ते सांगत नाहीत.
खमीसनं बादली पालथी घातली,
दोन दिवसांनी पुन्हा सुलटी केली,
नवीन पिल्लू आलंय, ते पाणी सांडतं फार.

असेल कुठंतरी एखादा माणूस,
कामाला उशीर झालेला, काळ्या चष्म्याचा,
सिग्नलपाशी उभा.
म्हणत असेल यल्ला, यल्ला, दोरीला हिसके देत.
आणि ती आडवी.
त्याला राग येईल.
येऊ दे.