जांभ्यावर मरणारा रंग

वेंगुर्ल्याहून डेलिलीचे नऊ कंद आणले
ओल्या गोणपाटात गुंडाळून.
रंग मी कागदावर ठरवलेले:
मध्ये आमसुली, कडेने पिवळा, गुलाबी,
आणि पुढच्या ओळीत विटकरी,
जो मला फोटोत फारच आवडला होता.

पास्कू वाफ्याशी उकिडवा बसून म्हणाला,
"बाय, ह्यो विटकरी नको. जांभ्यार मरता."

खरंच की.
गडगा विटकरी, पायवाट विटकरी,
माझ्या पांढऱ्या साड्यांचे काठसुद्धा आता तसेच.
फूल दिसणार कुठून?

मग पुन्हा मांडामांड.
आमसुलीला गुलाबी खेटला तर दोघं
वाटणीवरून बिनसलेल्या भावांसारखे.
मध्ये लिंबाच्या सालीचा फिका पिवळा सरकवला,
तेव्हा जरा निवले.
केशरी एकटा, विहिरीपाशी,
मागे मिठागराची राखाडी पट्टी आहे म्हणून.

मार्चात उमलायला लागले
ते आपापल्या सवडीने.
सोमवारी नुसता आमसुली, एकच, तोही संध्याकाळी मिटला.
मंगळवारी दोन पिवळे.
गुलाबी आला तेव्हा आमसुलीच्या जागी
ओली चिंधी लोंबत होती.
माझा कागदावरचा वाफा
एकाही सकाळी पुरता भरला नाही.

विटकरी पास्कूने घरी नेला होता,
"टाकू कित्याक?" म्हणत.
परवा त्याच्या दारावरून गेले.
चुन्याने नुकताच रंगवलेला क्रूस
आणि पायथ्याशी तीन फुलं, एकदम.

स्कूटर आपोआप हळू झाली.
पास्कू पायरीवर जाळं शिवत होता.
काही म्हणाला नाही,
सुई तेवढी थांबवली.