भिंत चढताना

फिलोमिना मॅडम म्हणाल्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा
आणि बोटांनी चढा. कोळ्यासारखं. घाई नको.
जिथं थांबाल तिथं पेन्सिलीनं खूण करा.

परळहून शिवडीला आले.
बेडरूमची भिंत तीन वर्षं रंगाची वाट बघत होती.
पहिली खूण खांद्याच्याही खाली, डाव्या हातानं केलेली, वाकडी.
दुसरी तिथंच.
तिसऱ्या दिवशी रडले. खूण केलीच नाही.

उजवा हात माझा नव्हता. कुणीतरी
सांभाळायला दिलेली जड पिशवी, काखेला अडकवलेली.
काखेतल्या गाठी काढल्यात ना, म्हणून पाण्याला वाट नाही,
असं मॅडम म्हणाल्या, आणि मला हसूच आलं.
अहो, सव्वीस वर्षं मी पाणी खात्यात नकाशे काढले.
ट्रेसिंग कागदावर निळ्या शाईनं
भांडुपपासून कुलाब्यापर्यंत या शहराच्या शिरा ओढल्या.
कुठला व्हॉल्व्ह गंजलाय,
कुठली लाइन चाळीखालून चोरून वळते,
झोपेतून उठवून विचारा.
फक्त माझ्या गळ्याखालचा वॉर्ड
कधी उघडून पाहिला नव्हता.

त्या रात्री ओहोटीच्या चिखलाचा वास खिडकीशी होता.
आरशासमोर दिवा लावला.
एका बाजूला आहे ते आहे. दुसऱ्या बाजूला आडवी शिवण,
गोधडीला घाईत मारतात तशी.
नजर दोनदा पळाली. दोनदा हाताला धरून आणली.

मग भिंतीकडे वळले, मनगटापासून सुरुवात केली.
मुख्य वाहिनी. फाटा. इथं बंद.
इथून वळसा, पाठीकडून, मानेकडून,
मॅडम तळहातानं दाखवतात तसा:
कातडी सरकेल एवढंच, दाबायचं नाही.
रेघ ओढताना श्वास हळूहळू सुटत होता.
जुनी सवय. श्वास कोंडला की रेघ थरथरते.
ऑफिसात याला कुणी साधना म्हटलं नाही.
ओव्हरटाइम म्हणायचे, तोही उशिरा मिळायचा.

मानेच्या वळणाशी आले तेव्हा कळलं
पेन्सिल उजव्या हातात आहे
आणि हात कालच्या खुणेच्या वीतभर वर.
दुखत होतं. खूप दुखत होतं.
पण दुखणारा हात माझा होता.

सकाळी हे रंगाचं कार्ड घेऊन आत आले,
भिंतीपुढं चहा निवेपर्यंत उभे राहिले,
म्हणाले, छातीपाशी एक लाइन अर्धीच सोडलीयेस.
माहितीय, म्हटलं. ती कुठं जाते अजून सापडलं नाही.
कार्ड त्यांनी कपाटावर ठेवून दिलं.

देवापुढं मी कमीच बसते.
आत्म्यासाठी आमच्या खात्यात खूण नव्हती.
पण पहाटे पाणी सुटण्याआधी
नळातून नुसती हवा येते ना, फुसफुसत, थुंकत,
आणि आपण अर्धवट झोपेत बादली सरकवतो,

तेवढं येतंय सध्या.
बादली लावून ठेवलीय.