लाभ, दोन, तीन

नंदुरबारच्या मिरची बाजारात
माझे वडील मापाडी होते.
काट्यावर पहिलं पोतं चढलं
की ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत.
लाभ… दोन… तीन…
प्रत्येक आकड्याचं शेपूट जरासं वर उचललेलं.

मी बँकेच्या परीक्षेचे शब्द पाठ करत होते तेव्हाची गोष्ट.
रद्द झालेल्या तोलपावत्या ते घरी आणायचे.
पुढे: नग बारा, हमाली, तोलाई.
मागे माझ्या अक्षरात:
एफिमरल – क्षणभंगुर.
ऑब्स्टिनेट – दुराग्रही.
युबिक्विटस – सर्वव्यापी.
इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं,
म्हणून सगळं देवनागरीत.

जेवणं झाली की ते गठ्ठा घेऊन बसत.
चष्म्याची एक काडी दोऱ्याची,
बोटांच्या पेरांत मुरलेला लाल रंग,
डोळ्याला हात लावायचा नाही ही सवय.
'लाभ! एफिमरल!'
क्षणभंगुर, मी म्हणायची.
'दोन! ऑब्स्टिनेट!'
शेजारचा सुकलाल भिंतीपलीकडून ओरडायचा,
भिलाभाऊ, कोणता माल आलाय रे एवढ्या रात्री?

आठव्या की नवव्या रात्री ते थांबले.
पावती बल्बखाली धरली.
'क्षणभंगुर म्हंजे काय शे, वैजंता?'
जे टिकत नाही ते, मी म्हटलं.
'मंग तसं लिख ना.
तुन्हा अर्थले बी अर्थ लागस.'

मी हसले आणि मग हसू आलं नाही.
पाचवीत निबंधात मी 'याय' लिहिलं होतं, सूर्याला.
बाईंनी लाल रेघ मारून वर सूर्य लिहिला,
'डोया'वर रेघ मारून डोळा लिहिला.
तेव्हाही मी पाठच केलं होतं,
याय म्हणजे सूर्य, डोया म्हणजे डोळा,
कोणी पावती धरून बसलं नव्हतं एवढंच.

त्या रात्रीपासून पावतीवर तिसरी ओळ आली.
ती ते सांगत, मी लिहून घेई.
सर्वव्यापी: पथारीवर मिरची उलटवतात तेव्हाचा खकाणा.
शाळेत, दवाखान्यात,
लग्नात भटजी मंगलाष्टकाच्या मध्यावर खोकतो तो.
दुराग्रही: कोपऱ्यातला जुना काटा,
अडतीसवर अडकला की लाथ मारल्याशिवाय हलत नाही.
मितभाषी: तोलाईचे पैसे मागितल्यावर रतनशेठ.
क्षणभंगुरला त्यांना दोन दिवस लागले.
मग बाजारातून आल्या आल्या, चपला न काढताच म्हणाले,
भाव. सकाळचा भाव.

एक पावती मात्र
त्यांनी मागं-पुढं फिरवली आणि बाजूला ठेवली.
इनेफेबल – अनिर्वचनीय.
'ह्याचं नंतर,' म्हणाले, 'हा माल ओला आहे.'

परीक्षा धुळ्याला झाली.
पंख्याखाली उत्तरपत्रिका उडत होती,
मी तिच्यावर कंपासपेटी ठेवली.
पहिलाच प्रश्न होता एफिमरल, खाली चार पर्याय,
आणि त्यांत 'सकाळचा भाव' नव्हता.
तीन गुणांनी गेले त्या वर्षी.
पुढच्या वर्षी नाही गेले.

आता मी शहाद्याच्या शाखेत आहे,
इंग्रजीत शेरे लिहिते, बरे लिहिते.
बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आलेत.
पोतं ठेवलं की लाल आकडा पेटतो,
कोणी काही पुकारत नाही.

परवा त्यांचा कोट आवरताना
आतल्या खिशात ती पावती निघाली.
पुढे: नग सात, वजन दोनशे अडुसष्ट.
मागे माझ्या दोन ओळी,
आणि खाली, पेन्सिल ओली करून दाबून लिहिलेली,
त्यांच्या अक्षरातली तिसरी:
शिल्लक.

हा अर्थ आहे
की सात पोत्यांचा हिशेब,
मला ठरवता येत नाही.