मीठ शेवटी

लिहून काय घेतेस, तामुना? वही ठेव, हात धू, बस इथे.
लोबिओ म्हणजे घेवडा. लाल, ठिपक्यांचा,
काल रात्री भिजत घातलेला.
सालीवर सुरकुत्या येतात, मग जातात,
गेल्या की चुलीवर.
पहिलं उकळलेलं पाणी ओतून दे, ते उग्र असतं.

मग मंद आच.
आम्हा राचाच्या लोकांना गोगलगायही मागे टाकते,
असं खालच्या खोऱ्यात म्हणतात. म्हणू देत.
त्यांचा घेवडा दाताखाली कचकचतो.

कांदा, धणे, निळ्या मेथीची पूड,
झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, चिमूटभर.
हसतेस काय, फुलं फक्त थडग्यावरच वाहायची का?
डुकराच्या धुरावलेल्या मांडीचा तुकडा, हाडासकट.
आणि अक्रोड, तेल सुटेपर्यंत कुटून.

अक्रोडाचा विषय या घरात हळू आवाजात काढायचा.
कुंपणाजवळचं ते झाड बघ :
मुळं आमच्यात, फांद्या ओतियाकडे.
त्यावरून दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं बोलले नाहीत.
गावातले म्हातारे आले, पाद्री आला,
मोजणीवाला आला, फीत पसरली,
वाईन पिऊन गेला.
घोंगडं भिजतच पडलं.
मी आपला दर शनिवारी
मूठभर घेवडा जास्त भिजवला.

मातीचं मडकं, झाकणावर मक्याची जाड भाकर,
कुंपणाच्या खांबावर ठेवायचं
आणि मागे न बघता परत यायचं.
सोमवारी मडकं तिथेच. घासलेलं, रिकामं.
थंडीत कधी त्यात बर्फ. एकदा मांजर.
मालखाझ विचारायचा, मडकं कुठंय?
मी म्हणायची, फुटलं.
एका बाईच्या हातून किती मडकी फुटतात
हे त्याने कधी मोजलं नाही.
पण शनिवारी मांडीचा तुकडा
तो नेहमी दोन घरांना पुरेल एवढा कापायचा.

गेल्या शरदात मला ताप आला.
घेवडा भिजलेला, टाकवेना.
मालखाझने शिजवला, जन्मात पहिल्यांदा,
भांडी आपटत, स्वतःशी पुटपुटत,
आणि अंधार पडल्यावर
काही न बोलता मडकं घेऊन बाहेर गेला.

तासाभराने फाटकाशी आवाज.
“मीठ कमी आहे.”
बराच वेळ काही नाही.
मग मालखाझ : “आईही कमीच घालायची.”
“आई? आई मुठीने घालायची!”
मला पलंगावरून मिठाच्या डब्याचं झाकण ऐकू आलं,
मग दोन खुर्च्या,
मग मध्यरात्रीपर्यंत मिठावरून भांडण.

झाडाचा निकाल अजून नाही.
अक्रोड पडायचे तिथे पडतात.

चल, आता कोथिंबीर. चव बघ.
थांब, मीठ घालू नकोस,
आधी ओतियाचं मडकं वेगळं काढ.
त्यात कमीच राहू दे.